गरम झालं की चालू न होणारं इंजिन: टॅपेट गॅपच्या नोंदी

३ नोव्हेंबर

पाण्याच्या पंपावरचं १६३ सीसीचं इंजिन कामाला घेतलं. एक सिलिंडर, हवेने थंड होणारं, फोर स्ट्रोक. दोन्ही व्हॉल्व्ह (इनटेक आत घेणारा, एक्झॉस्ट बाहेर सोडणारा) हेडमध्ये, कॅम खाली क्रॅंककेसमध्ये, मधे पुश रॉड. कॅम फिरताना टॅपेट उचलतो, टॅपेट पुश रॉडला ढकलतो आणि पुश रॉड वरच्या डुलत्या रॉकरला, जो व्हॉल्व्ह दाबून उघडतो. व्हॉल्व्ह मिटलेला असताना रॉकर आणि त्याच्या टोकामध्ये जी फट राहते, ती टॅपेट गॅप. आधी किती चाललं, कधी काय बदललं याची कसलीही नोंद सोबत आली नाही. तक्रार एकच: थंड असताना दोन-तीन ओढींत चालू होतं. अर्धा तास पाणी उपसून बंद केलं, की मग कितीही दोरी ओढा, उठत नाही. पूर्ण थंड झालं की परत चालू.

तसंच करून पाहिलं आणि तसंच झालं. गरम असतानाच प्लग काढून ठिणगी पाहिली, निळी आणि जोरकस. प्लग ओला होता, म्हणजे पेट्रोल पोचतंय. खरी खूण हाताला लागली: गरम इंजिनाची दोरी जवळजवळ विनाअडथळा येते. थंड असताना दाबाच्या स्ट्रोकला दोरी जशी अडते, तशी आता अडत नाही.

इग्निशन कॉइलही गरम झाल्यावर अशीच दगा देते, आणि अशा तक्रारीत बहुतेकांचा पहिला संशय तिच्यावरच जातो. पण कॉइल गेली तर ठिणगी जाते, दोरी हलकी होत नाही. इथे ठिणगी आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही. म्हणून कॉइल आणि कार्ब्युरेटर दोन्ही बाजूला ठेवून टॅपेट कव्हरपासून सुरुवात.

कव्हर आज उघडायचं नाही. रात्रभर थंड होऊ दे.

४ नोव्हेंबर

थंड इंजिनावरच का मोजायचं, याचा हिशेब कागदावर मांडून पाहिला. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. १३० मिमी लांबी धरली आणि तापमान ८० अंशांनी वाढलं, तर ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे ०.२४ मिमी लांबतो, तेवढाच पोलादी पुश रॉड ०.१२ च्या आसपास. फरक ०.१२ मिमीच्या जवळ, आणि आपण जी फट मोजणार ती ०.१५ किंवा ०.२०. यात एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा आणखी वेगळाच तापतो. त्यामुळे कोमट इंजिनावर आलेल्या आकड्याला काहीच अर्थ नाही. पुस्तिकेतला आकडा थंड इंजिनाचा असतो आणि वरची सगळी उलाढाल त्यात धरलेली असते.

आधी कव्हरच्या आसपासची धूळ ब्रशने झाडली, नाहीतर कव्हर उचलल्याबरोबर ती रॉकरवर पडते. प्लग काढला, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. कव्हरचे बोल्ट काढले. गॅस्केट शाबूत निघालं.

पिस्टन वर आणायचा तो कॉम्प्रेशन स्ट्रोकला. फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो आणि त्यातली एकच वेळ आपल्या कामाची. मी इनटेकच्या रॉकरकडे बघत दोरी हळू ओढतो. इनटेक खाली दबला, परत वर आला, त्यानंतर पिस्टन जो वर येईल तोच दाबाचा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तर हवा बाहेर ढकललेली जाणवते. पिस्टन वर पोचला की दोन्ही रॉकर बोटांनी किंचित खुळखुळले पाहिजेत. एक्झॉस्टच्या शेवटी पिस्टन वर असताना एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडू लागलेला असतो. तिथे फट मोजून जुळवली तर सगळंच चुकतं. शंका आली तर क्रॅंकचा एक पूर्ण फेरा देऊन पुन्हा बघावं.

या इंजिनात डिकॉम्प्रेसर आहे. दोरी ओढताना हाताला फार जोर पडू नये म्हणून कॅमवरची एक छोटी खुंटी एक्झॉस्ट टॅपेट जरासा उचलून धरते; वेग वाढला की तिला जोडलेलं वजन बाहेर फेकलं जातं आणि खुंटी मागे सरते. मोजताना खुंटी टॅपेटखाली असली तर एक्झॉस्टची फट खोटी, कमी दिसते. म्हणून पिस्टन वर आल्यावर एकदा मोजायचं आणि सुमारे ६ मिमी खाली उतरवून पुन्हा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या बऱ्याच इंजिनांसाठी तर पिस्टन पाव इंच खाली उतरवूनच मोजायची पद्धत आहे. इथे दोन्ही ठिकाणी आकडा सारखाच आला.

नटाला पाना लावण्याआधी सापडलेली मापं लिहिली:

इनटेक ०.१३. एक्झॉस्ट ०.०५.

पुस्तिकेप्रमाणे हवं इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.२०, दोन्हीला ०.०२ ची सूट. याच आकाराच्या होंडा जीएक्स१६० च्या जुन्या पुस्तिकेतही हेच आकडे आहेत.

एक्झॉस्टची चौथाईच फट शिल्लक आहे. थंड असताना तेवढ्यावर व्हॉल्व्ह मिटतो आणि इंजिन चालू होतं. जळलेला वायू याच व्हॉल्व्हवरून जातो, त्यामुळे त्याचा दांडा सगळ्यात जास्त लांबतो, फट संपते आणि रॉकर त्याला सीटवर (हेडमधल्या ज्या कड्यावर तो मिटतो तिथे) टेकूच देत नाही. कॉम्प्रेशन तिथूनच निसटतं. त्याहून वाईट म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकलेला असतानाच सोडतो. टेकलाच नाही तर तो आणखी तापतो, आणखी लांबतो, आणि मग त्याची कड जळू लागते. म्हणूनच घट्ट टॅपेटची मला जास्त धास्ती वाटते. सैल टॅपेट आवाज करून सांगतो तरी. घट्ट टॅपेटचं इंजिन उलट शांत आणि गुळगुळीत चालल्यासारखं वाटतं.

५ नोव्हेंबर

फट जुळवली. रॉकरच्या मधोमध स्टडवर दोन नट आहेत: खालचा, ज्यावर रॉकर डुलतो, आणि वरचा लॉकनट. खालच्याला पाना धरून लॉकनट ढिला करायचा. मग रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये फीलर गेजचं ०.२० जाडीचं पातं घालून खालचा नट हळूहळू आवळत आणायचा.

पातं किती घट्ट सरकावं, हा प्रश्न शिकणारा प्रत्येक जण विचारतो. जाड पुस्तकाच्या पानांत दाबलेली खूणपट्टी ओढताना लागतो तेवढा अटकाव पुरे. पण नुसत्या हाताच्या अंदाजावर मी कधीच थांबत नाही. ०.२० चं पातं अटकत सरकलं पाहिजे, ०.१८ चं अगदी मोकळं गेलं पाहिजे आणि ०.२३ चं जाताच कामा नये. तिन्ही जुळलं तर फट ०.२० आहे असं लिहितो. पातं पुसलेलं हवं, टोक वाकलेलं नको, आणि ते सपाट आत गेलं पाहिजे. तिरकं धरलेलं पातं हमखास घट्ट लागतं.

लॉकनट आवळताना खालचा नट पान्याने जागच्या जागी धरून ठेवावा लागतो, तरीही आटे ताणले जातात आणि फट थोडी बदलते. या इंजिनात आवळल्यावर ०.०२ ने कमी होते. म्हणून आवळण्याआधी पातं थोडं मोकळं ठेवायचं आणि आवळून झाल्यावरचाच आकडा खरा मानायचा. लॉकनटला १० न्यूटन मीटर. त्यानंतर क्रॅंकचे दोन पूर्ण फेरे देऊन, पिस्टन पुन्हा वर आणून, परत मोजलं. हे फेरे टाळू नयेत. पुश रॉड टॅपेटच्या वाटीत नीट बसलेला नसला तर तो फेऱ्यांनंतर बसतो आणि आधीचा आकडा निकामी होतो.

इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.२०. कव्हर लावलं. गॅस्केट चांगलं असेल तर त्यावर सिलिकॉन लावायची काहीच गरज नाही. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूने सुटून ऑइलमध्ये पडतं, आणि या कव्हरमध्येच ब्रीदर (क्रॅंककेसमधला वायू बाहेर सोडणारी वाट) आहे, तोही तुंबू शकतो.

८ नोव्हेंबर

याच जातीचं, जनरेटरवरचं दुसरं इंजिन तुलनेसाठी उघडलं. त्याची तक्रार अगदी उलटी: दोरी मधेच हिसका देऊन हातातून परत खेचली जाते, आणि चालताना हेडमधून टकटक येते. मापं: इनटेक ०.१९, एक्झॉस्ट ०.३४.

टकटकीचं कारण उघड आहे. हिसक्याचं कारण मात्र पुष्कळ जण मॅग्नेटोच्या टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगीच्या वेळेत, शोधत बसतात. डिकॉम्प्रेसरची खुंटी टॅपेट उचलते तो अगदी थोडासा. फट एवढी वाढली की ते उचलणं फट भरण्यातच खर्च होतं आणि व्हॉल्व्ह उघडतच नाही. मग पूर्ण कॉम्प्रेशन हातावर येतं. एक्झॉस्ट ०.२० वर आणला, तेवढ्याने दोरी मऊ झाली.

इथे आणखी एक पाहिलं. रॉकरच्या ज्या भागाखाली व्हॉल्व्हचं टोक येतं तिथे खड्डा पडला होता. सपाट पातं अशा खड्ड्यावर पुलासारखं आडवं राहतं आणि खरी फट मोजलेल्या फटीपेक्षा जास्त असते. म्हणजे तो ०.३४ देखील कमीच होता. रॉकर बदलून पुन्हा जुळवलं. हे इंजिन माझ्यापुरतं संपलं.

१० नोव्हेंबर

पंपाचं इंजिन पाऊण तास भारावर चालवलं, बंद केलं, पाच मिनिटं थांबून दोरी ओढली. पहिल्या ओढीला चालू. पुन्हा तसंच, पुन्हा चालू.

इथे काम संपलं म्हणता आलं असतं. पण ०.०५ हा आकडा वहीत आहे आणि तो तिथे कसा पोचला हे अजून कळलेलं नाही. इनटेक इतकी वर्षं जवळपास जागेवर राहिला आणि एकट्या एक्झॉस्टची फट ०.१५ ने गेली. इंजिन वापरायला दिलं. अट एकच, चाललेले तास लिहून ठेवायचे.

२९ नोव्हेंबर

सुमारे १२ तास चाललंय. तक्रार नाही, गरमही चालू होतंय. रात्रभर थंड करून सकाळी मोजलं.

इनटेक ०.१५. एक्झॉस्ट ०.१६.

लॉकनट जागेवर आहे, त्यावर ओढलेली रंगाची रेघ सरकलेली नाही.

बारा तासांत ०.०४ गेली, हे चांगलं लक्षण नाही. साधारण अशा इंजिनांत फट ३०० तासांनी किंवा वर्षाने तपासायला सांगतात, आणि एवढ्या काळात ती थोडीशीच हलावी अशी अपेक्षा असते.

फट कुठल्या दिशेने बदलते यावरून पुष्कळ कळतं. रॉकर झिजला, कॅम किंवा टॅपेट झिजला, पुश रॉड वाकला, स्टड ढिला झाला, तर फट वाढते. व्हॉल्व्ह आणि सीटच्या मधे कार्बनचा कण अडकला तरी वाढते, कारण व्हॉल्व्ह खाली राहतो आणि त्याचं टोक रॉकरपासून लांब जातं. फट कमी होण्याची कारणं मोजकीच. लॉकनट सरकला नसेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये आत आत बसतोय, आणि तो जेवढा आत जातो तेवढंच त्याचं टोक रॉकरकडे वर येतं. दांड्याचं टोक फुगलेलं नाही हे भिंगाने पाहिलं. म्हणजे सीट किंवा व्हॉल्व्हची कड, नाहीतर दोन्ही.

४ तारखेला मोजण्याआधीच नट फिरवला असता तर आज हातात फक्त ०.१६ असतं आणि ‘जरा कमी झालंय’ म्हणून परत जुळवून मोकळा झालो असतो. जुना आकडा सोबत असल्यामुळे हा घसरता क्रम दिसतो.

६ डिसेंबर

हवा भरून गळती पाहिली. कॉम्प्रेशन गेज वापरलं नाही. डिकॉम्प्रेसर असलेल्या इंजिनात दोरीच्या वेगाला त्याचा आकडा मुळातच कमी येतो आणि त्यावरून नीट निदान होत नाही. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला वर आणला, फ्लायव्हीलचा नट लांब दांड्याच्या पान्याने पक्का धरला (हवा सोडली की पिस्टन खाली पळतो आणि पान्याचा फटका बसू शकतो), आणि प्लगच्या भोकातून बेताच्या दाबाने हवा दिली.

कान लावून ऐकलं. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी शांतता, इनटेक बरोबर आहे. ऑइलच्या भोकातून बारीक सूं, म्हणजे रिंगांची नेहमीची थोडी गळती, चालेल. सायलेन्सरमधून मात्र स्पष्ट फुसफुस. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड असतानाही पूर्ण मिटत नाही.

हेड काढायचं.

७ डिसेंबर

हेड काढण्यासाठी फ्लायव्हीलवरचं पत्र्याचं आवरण उतरवलं आणि अर्धं उत्तर तिथेच मिळालं. हेडच्या एक्झॉस्ट बाजूच्या पट्ट्यांमध्ये सुकलेलं गवत, धूळ आणि ऑइल मिळून घट्ट थर बसलेला. बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं, इनटेकची बाजू तर स्वच्छ होती. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात या पट्ट्या बुजल्या की हेडचा तेवढा भाग जास्त तापतो, आणि नेमकी तिथेच एक्झॉस्टची सीट आहे. तापलेली सीट आणि तिच्यावर आदळणारा तापलेला व्हॉल्व्ह दोन्ही लवकर झिजतात. एकट्या एक्झॉस्टचाच आकडा का पडला, हे त्यातून उलगडतं.

व्हॉल्व्ह काढला. कडेवरचा टेकायचा पट्टा एका बाजूला फिका, करडा आणि खडबडीत, वायू निसटून गेल्याची वाट स्पष्ट दिसते. काठाची जाडी पातळ झालेली, हा व्हॉल्व्ह परत घालण्यासारखा नाही. सीटची रुंदी १.७ मिमी भरली. नवी असताना ०.८, मर्यादा २.०. मर्यादेच्या आत आहे खरी, पण रुंद सीटवर व्हॉल्व्हचा दाब पसरतो आणि ती नीट सील होत नाही. नवा व्हॉल्व्ह जुन्या रुंद सीटवर नुसता घासून बसवणं मला पटत नाही. घासण्याने पृष्ठभाग जुळतात, रुंदी मात्र वाढतच जाते.

दांडा गाइडमध्ये (तो ज्या नळीत सरकतो तिथे) हलवून पाहिला, खेळ नगण्य. स्प्रिंगची मोकळी लांबी मर्यादेत. पट्ट्या लाकडी कामटीने आणि ब्रशने साफ केल्या. धातूची टोकदार वस्तू वापरली तर पट्ट्या तुटतात.

हेड सीट कापायला मशीनवर दिलं: ४५ अंशांची मुख्य सीट, वरून-खालून वेगळ्या कोनांनी अरुंद करून १.० च्या आसपास.

२१ डिसेंबर

हेड परत आलं. नवा व्हॉल्व्ह बारीक पेस्ट लावून हलक्या हाताने घासला. पेस्ट कडेवरच राहिली पाहिजे, दांड्याला लागून गाइडमध्ये गेली तर गाइड खाऊन टाकते. सगळीकडे एकसारखा करडा पट्टा दिसला की थांबलो. केरोसीनने दोनदा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन हवेने कोरडं केलं. व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग लावून एक्झॉस्ट पोर्टमध्ये केरोसीन भरून ठेवलं. अर्ध्या तासाने सीटच्या बाजूला ओल नाही.

नवं हेड गॅस्केट. चारही बोल्ट तिरप्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने २४ न्यूटन मीटरपर्यंत. पुश रॉड सपाट काचेवर लोळवून सरळ असल्याची खात्री केली आणि टॅपेटच्या वाटीत बसल्याचं हाताने चाचपून मगच रॉकर चढवले.

गॅप जुळवताना एक्झॉस्ट मुद्दाम ०.२१ ठेवला. नवा व्हॉल्व्ह आणि नवी सीट एकमेकांत बसताना पहिल्या काही तासांत फट थोडी कमीच होणार. सूट ०.०२ ची आहे, तिची वरची बाजू इथे उपयोगी पडते. इनटेक ०.१५.

हवेची चाचणी पुन्हा केली. सायलेन्सरच्या तोंडाशी काही ऐकू येत नाही.

४ जानेवारी

पाच तास चालल्यावर: इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.१९. अपेक्षेप्रमाणे थोडं बसलं. नटाला हात लावला नाही. आत्ता ०.२० करण्याचा मोह होतो, पण त्यामुळे पुढच्या मोजणीला तुलनेचा आधार राहणार नाही.

१ फेब्रुवारी

एकूण सुमारे ३० तास. इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.१९. ०.१८ चं पातं मोकळं, ०.२० चं जात नाही. आधीच्या बारा तासांत ०.०४ गेली होती, या पंचवीस तासांत काहीच हललेलं नाही. गरम असताना पहिल्या ओढीला चालू.

पत्र्याचं आवरण उतरवून पट्ट्याही पाहिल्या. थोडी धूळ आहे, थर नाही. पंप गवतात चालतो, त्यामुळे ही सफाई टॅपेट मोजणीच्या खूप आधी, दर ५० तासांनी. पुढची गॅप मोजणी १०० तासांना. एक्झॉस्ट ०.१८ च्या खाली गेला असेल तरच नट फिरवायचा, आणि तेव्हाही सापडलेलं माप आधी याच पानावर.